चिंचेने घासलेले चाकू

मंडळी, सगळे नीट बसलात? मागच्या बायांना ऐकू येतंय ना? मग आख्यानाआधी एक प्रश्न ठेवते. माणूस जातो, वस्तू राहते. ती वस्तू जपायची म्हणजे काय करायचं? कुलपात ठेवायची? घासूनपुसून लख्ख करायची? की आणखी काही?

लगेच उत्तर देऊ नका. घाईने उत्तर देणाऱ्यांच्या माळ्यावर काय काय पडलंय, ते मला ठाऊक आहे.

तर ऐका. वेंगुर्ल्याकडच्या एका गावात जगन्नाथ परुळेकर नावाचे गृहस्थ होते. पोस्टात नोकरी, घराभोवती आंब्याची बाग आणि एक वेड. कुणाला तिकिटांचं वेड असतं, कुणाला नाण्यांचं. यांना चाकूंचं! घाबरू नका. स्वयंपाकघरातले नव्हेत, भांडणातलेही नव्हेत. कलमं बांधायचे जुने चाकू. मिटून खिशात मावणारे. एकाचं पातं पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, एकाला शिंगाची मूठ, एकाच्या टोकाला झाडाची साल अलगद उचलायला हाडाची चपटी जीभ. आठवडी बाजारातला भंगारवाला, बंद पडलेली नर्सरी, गोव्यातल्या जुन्या बागा – जिथून मिळतील तिथून आणायचे. धोतराच्या फडक्यात गुंडाळून, खोबरेलाचं बोट लावून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे.

डबा उघडला की लेकीला हाक. लेक म्हणजे सुनेत्रा, वडिलांना भाऊ म्हणणारी.

"हा बघ. मुठीतला खळगा उलट्या बाजूला आहे. म्हणजे ह्याचा माळी डावरा होता."

"भाऊ, तुम्ही पोस्टात कशाला गेलात? पोलिसात जायचं."

"गेलो असतो तर चाकू फुकट मिळाले असते."

हे वेड कळणारा दुसरा एकच माणूस होता, सावंतवाडीचे मुकुंदकाका सामंत. फ्लॅटमध्ये राहायचे आणि तेही चाकू जमवायचे. दोघांची मैत्री कशी? एकाला चांगला चाकू मिळाला की दुसऱ्याला जेवण जात नसे! अशी. आजारपणात भाऊ त्यांना म्हणाले, "मुकुंदा, माझ्यामागे डब्यातला एक तुझा. कुठला, ते तू निवड. बाकीचे सुनेत्राचे."

भाद्रपदात भाऊ गेले. तेरावं झालं. काका येतो म्हणाले.

आता तुम्ही सांगा, वडिलांचा मित्र त्यांची आठवण न्यायला येणार. तुम्ही काय कराल? सुनेत्राने डबा उघडला. पाहते तर पाती काळवंडलेली, कुठे निळसर, कुठे तपकिरी. तिला वाटलं, शेवटी शेवटी भाऊंना पुसायलाही जमलं नसेल. तिने चिंच भिजवली, चुलीतली राख चाळून घेतली आणि देवाची उपकरणी घासतात तसे सगळे चाकू घासले. हसू नका तिकडे! तुम्हीही हेच केलं असतं. आपल्याकडे माया दाखवायची एक रीतच आहे – घासणे. माणूस हाताशी उरला नाही, की त्याचा तांब्या घासायचा.

चाकू चमकले. बऱ्याच दिवसांनी तिला जरा बरं वाटलं.

दुपारी काका आले. एक फडकं सोडलं. दुसरं सोडलं. मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"कोणी घासले?"

"मी."

"कशाने?"

"चिंच आणि राख. का, काका?"

"अगो, ह्या समया नव्हेत." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं. "तो मळ नव्हता. ज्याच्या त्याच्या कामाचा रंग होता तो. तुझ्या बापाच्या चाकूवर तुझ्या बापाचा."

चहा तसाच निवला. एकही चाकू न निवडता काका उठून गेले.

काय वाटलं असेल त्या लेकीला? एकदा बाप देवाने नेला. जो थोडा उरला होता, तो मी घासून टाकला – हेच मनात घोळत राहिलं. तिने डबा कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं.

पण मंडळी, झाडाला कुलूप घालता येत नाही.

आजारी पडण्याआधी भाऊंनी मागच्या हापूसला भेटकलमं बांधली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कुंडीतलं रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेलं रोप बांबूच्या माचावर चढवून मोठ्या झाडाच्या फांदीशेजारी आणायचं. दोघांची साल तासायची, जखमेला जखम लावायची आणि घट्ट बांधायचं. म्हणून भेटकलम. भेट जुळली की फांदी आईच्या झाडापासून कापायची. आधी कापली तर सुकते. उशीर केला तर बांधलेली सुतळी सालीत रुतते.

दसरा झाला. सुनेत्रा माचाखाली उभी राहून बघते, तर सुतळी रुतायला लागलेली. बांधणारा हात नाही आणि भाऊंची शेवटची कलमं डोळ्यांदेखत जाणार! तिने घरातली सुरी आणली. ती सालीवरून घसरली. कोयता उचलला, कोयत्याने कोवळी फांदी चेचली असती. शेवटी कुलूप काढलं आणि भाऊंचा रोजचा, शिंगाच्या मुठीचा चाकू घेतला. नव्या नवरीसारखा चमकत होता. तिला त्याच्याकडे बघवेना.

मूठ धरली, आणि अंगठा एका खळग्यात जाऊन बसला.

भाऊंच्या अंगठ्याने पडलेला खळगा. डाग चिंचेने जातो. झीज कशी जाणार? मग तिने सांधा बघितला. फुगून आलेला, भरलेला. भेट जुळली होती. भाऊंचा हात चुकला नव्हता.

सुतळी सोडली. फांदी कापली. चीक पात्यावर आला, आणि तिच्या देखत तिथे करडा डाग उमटला. मग निळसर झाला. तिने ओढणीने पुसला. जाईना. आणखी पुसला. जाईना! तेव्हा ती हसली, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा.

बायांनो, तुम्हाला मघाशीच कळलं ना? कैरी चिरली की विळी काळी पडते. रोज बघतो आपण, आणि ऐन वेळी विसरतो.

शेवटची कुंडी खाली उतरेपर्यंत पातं चांगलंच काळवंडलं होतं. तिने काकांना बोलावलं. ते आले, तसा तिने चाकू ओट्याच्या चिऱ्यावर ठेवला. धार कुणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात. काकांनी तो उचलला, उजेडात धरला.

"हा डाग कसला?"

"भाऊंच्या हापूसचा."

काकांनी नाक ओढलं. मग हळूच म्हणाले, "तो चोचीवाला दे मला. जगन्नाथाने तो माझ्या नाकासमोरून उचलला होता."

"तुमचाच. पण फ्लॅटमध्ये तो काळा कशाने होणार? इथेच राहू दे. पावसाळ्यात यायचं, कलमं बांधायची."

"म्हणजे चाकू माझा आणि राबायचंही मीच?"

"हो."

"बापावर गेलीस गो," काका म्हणाले आणि खाली उतरवलेल्या कुंड्या मोजायला लागले.

मंडळी, भगवंताचं नाम तरी वेगळं काय आहे? देव्हाऱ्यात घासून ठेवलं तर नुसतं चमकतं. ते जिभेवर झिजावं लागतं, कामात मळावं लागतं.

घासणे वाईट नाही हो. समया घासा, त्या माझ्या नावाने काळ्या ठेवू नका! पण आज आरती घेऊन घरी गेलात, की तुमच्या माळ्यावरचा तो डबा खाली काढा. कुठला, ते तुम्हाला ठाऊक आहे. आतली वस्तू लगेच पुसायला घेऊ नका. आधी हातात धरा, आणि बघा, अंगठा कुठे बसतो.