खिडकीखालचं काटेरी झुडूप

रोपवाटिकेत पैसे द्यायच्या रांगेत मायलेकी उभ्या होत्या. लेकीच्या हातातल्या कुंडीत लालभडक फळांचं काटेरी झुडूप होतं.

“आई, गुलाब घेऊ या ना. हे किती बोचतंय!”

“बोचू दे. तुझी खोली तळमजल्यावर. परवा तुझा नवरा खिडकीशी येऊन थयथयाट करून गेला ना? तिथे हेच हवं. बारा महिने हिरवं राहतं, थंडीत फळांनी लगडतं.”

“बाबा म्हणतात, माझा राग निवळला की मी जाईन त्याच्याकडे परत.”

“म्हणू देत.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“खिडकीपर्यंत वाढायला याला किती वर्षं लागतील गं?”

“माळीदादा म्हणाले, तीन-चार तरी.”

“मग आजच लावू या. खुरपं काढूनच ठेवलंय मी घरी.”