मामांचा बंब आणि नवी मुंबईची हवा

ऐरोलीचा पूल व्हायचा होता, तेव्हाची गोष्ट. माझे सासरे साताऱ्याहून आमच्या फ्लॅटवर आले, ते पाणी तापवायचा तांब्याचा बंब घेऊनच. बाथरूममध्ये त्यात लाकडं पेटवली आणि ऊब जाईल म्हणून खिडकी लावून आंघोळीला बसायला निघाले.

मी म्हटलं, "मामा, आत जीव गुदमरेल."

"चाळीस वर्सं बंब पेटवतोय, पाहुणं. आता तुमी शिकवा!"

एवढा अनुभवी माणूस, म्हणून मी बाहेर आलो आणि त्यांनी आतून कडी लावली. दहा मिनिटांत आत मामा पडल्याचा धाडकन आवाज आला. दार तोडून आम्ही त्यांना बाल्कनीत ओढलं. शेवटी त्यांनी डोळे उघडले, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "तुमच्या नवी मुंबईची हवाच लई वाईट!"

बायकोलाही ते लगेच पटलं.