खालून बोटभर

— नाही, हे नाही चालणार, विठू. आधी प्लग काढ. मशीन हातात धरून माझ्याशी बोलू नकोस, खटक्यावर बोट आहे तुझं. काढलास? ठेव खाली. शी! काय आणलंयस हे? सुतार ना तू? मग हा ग्राइंडर कशाला? आणि गार्ड कुठाय त्याचा, पात्यावरचं झाकण? — घरी? म्हणजे गार्ड दापोड्याला आणि पातं इथे निजामपुऱ्यात! हेल्मेट खुंटीला आणि डोकं रस्त्यावर, त्यातली गत. अरे, हे मशीन लोखंड, दगड कापायला केलेलं, त्याला तू लाकडाचं दातेरी पातं बसवलंयस. एवढ्या वेगात एक दात लाकडात अडकला की मशीन मागे उसळतं, आणि मागे कोण असतं? भिंत नसते, विठू, तू असतोस. वर त्या जाळीत कापसाचा भुसा बघ किती कोंबलाय — आता यंत्रमागांच्या या गल्लीत भुसा कुठे नाही म्हणा, माझ्या पुस्तकांतही आहे — पण पुस्तकातून ठिणगी उडत नाही. किळस येते रे, खरंच किळस येते.

हारूनने काय सांगितलं तुला? "अब्बांच्या खोलीचं दार बसत नाही, खालून बोटभर काप." झालं! माझाच मुलगा, पण ही लादी बघ. जुन्या लादीवर नवी चिकटवली. का, तर अफीफाचं लग्न. त्याच्या स्वतःच्या लग्नाला एक थर, बहिणीच्या लग्नाला एक, आता लेकीच्या लग्नाला हा. घरात लग्न निघालं की आमची जमीन वर येते, छत आपलं जागच्या जागी. आणि दरवेळी कापायचं कोणाला? दाराला. ते बघ, भिंतीला टेकून उभं आहे बिचारं. खालची आडवी पट्टी उरलीय का त्याची? आणखी कापलीस तर फळ्या सुटतील, पट्टी नवी मारावी लागेल. आणि तू म्हणतोस, इथेच आडवं टाकतो, वर पाय देतो, चहा होईस्तोवर काम खलास. पाय देऊन! शी, शी. पात्याच्या वाटेत स्वतःचा पाय!

उंबऱ्यापाशी लादी अजून बसायचीय, म्हणून आधी चौकट घ्यायची, दार नंतर. चौकट खालून कापली की लादी तिच्याखाली सरकते. नाहीतर लादीवाला लादी कुरतडतो आणि फटीत पांढरं सिमेंट लिंपतो — हॉलमध्ये लिंपलंय ना, किडलेला दात भरल्यासारखं, जेवताना बघवत नाही. चौकटीसाठी करवतच वेगळी मिळते. पातं आडवं, जमिनीला समांतर, आणि त्याची उंची लावता येते. लादीचा तुकडा चौकटीशी ठेवायचा, तेवढी उंची लावायची, नि हळू आत जायचं, ढकलायचं नाही. कोपऱ्यात गोल पातं पोहोचत नाही, तिथे थरथरणारं बारीक पातं, नाहीतर आपली पटाशी. आणि चौकटीच्या पायात खिळे असतात, लोखंडी पकड असते — लोहचुंबक फिरवून बघितलंस? नाही बघितलंस. डोळ्यांना चष्मा? नाही. नाकाला फडकं? नाही. गळ्यात गमछा मात्र आहे, लोंबता! तो काढ आधी. पात्याने धरला तर गमछ्यामागून तू जाशील.

हसतोस? हस. गल्लीतले लोक मला डॉक्टर म्हणून जीभ दाखवतात, मी रसायनशास्त्राचा डॉक्टर. करवत आयुष्यात धरलेली नाही. तू येणार कळल्यापासून वाचत बसलोय. चुकत असेन मी. वर्गातसुद्धा फळ्यावर उत्तर लिहिलं की वाटायचं, चुकलं — मुलांकडे पाठ करून पुन्हा ताळा करायचो, आणि मुलं समजायची सर रागावले. पण बोट तुटलं तर ताळा कसा करणार, सांग! आणि हा खडखडाट ऐक. पातं अडखळायला लागलं की म्हणे मशीनचा आवाज बदलतो. चहूबाजूंनी लूम, तुला ऐकू काय येणार, कपाळ?

— काय गं, अफीफा? छे, भांडत नाही, समजावतोय. मला अर्धा कप, विठूला पूर्ण. थांब, हे कुठलं कानातलं? इकडे वळ. आता तिकडे. बरं आहे. कालचं जास्त चांगलं होतं. आता तू विचारलंस म्हणून सांगितलं. हसू नकोस. जा, दूध उतू जाईल.

बघितलंस? सकाळपासून हे तिसरं कानातलं. दार नाही ना, जाता-येता डोकावते. आधी एकदा ठोठावायची, मी गुडघे सावरत उठेपर्यंत तिला वाटायचं दादा — आजोबांना दादाच म्हणते ती — झोपले, निघून जायची. परवा रात्रीच्या जेवणाला बोलवायला आली ती इथेच बसली, आईची नक्कल करत — केवढी हसली! हारूनची आई, आमची हबीबा, गेल्यापासून हे दार बंदच असायचं. लूमचा त्रास होतो म्हणून. म्हणजे मीच सांगायचो सगळ्यांना, लूमचा त्रास होतो म्हणून. लूम तर खिडकीतून ऐकू येतात —

काय सांगत होतो मी? गार्ड. हां, गार्ड.

नाही, हारूनला फोन लावू नकोस. त्याला काय कळतं? आणि माझ्याकडे असं बघू नकोस, मी सबबी सांगत नाहीये. गार्ड नाही ते नाहीच ना? हे मशीन उचल इथून, मला ते डोळ्यांसमोर नको. राहनाळला गोदामांपाशी हत्यारं भाड्याने मिळतात, तिथून ती आडव्या पात्याची घे. नीट बघून घे, पातं धारेचं, गार्ड जागेवर. दार बाहेर नेऊन सुतारी घोड्यांवर टाकू, रेघेवर चिकटपट्टी लावू, रीतसर कापू. घाई नाही. उद्या नको, उद्या पाहुणे येतील. परवाही नको. लग्न होऊ दे. अफीफा कल्याणला सासरी गेली की ये. मग काप. मग बोटभर काय, हवं तेवढं काप, बसव दार, लागू दे घट्ट.

चहा स्वयंपाकघरातच पी आणि जा. आणि जाताना दाराच्या जागचा तो पडदा सोडू नकोस. सूनबाईने लावलाय, मी वर खोचून ठेवलाय. तसाच राहू दे.