काचेसमोरची जागा

काय सांगू तुमाले, मी मूळची बाळापूरकडची. लगन होऊन अमरावतीत आली तवा मले धड हार बी गुंफता येत नोता, तं सासूनं आपल्या बाजूले बसवलं आन् म्हणे पाह्यत जाय, येते आपोआप. थे रस्त्याच्या कडंची हार इकाची जागा तिची. मांगं एका वकीलसायबाचं घर होतं, उन्हाळा लागला का खिडक्यायले वाळ्याच्या ताट्या लागत, त्यायचा गडी ताट्यायवर पाणी मारे आन् मारता मारता आमच्या मोगऱ्यावर बी शिंपडे. काय वास सुटे माय! भर उन्हाळ्यात आमी सासू-सून तिथं गप्पा हाणत बसलेल्या. सासू जातानी मले म्हणे, पोरी, जागा सोडू नोको.

मंग वकीलसायबाच्या पोरायनं घर इकलं. तिथं क्लासची बिल्डिंग झाली, समोरून सारी काच, आरशावानी. मले तं पह्यले लय हौस वाटली, दिवसभर आपलंच तोंड पाहा! पण उन्हाळ्यात एक ऊन वरून आन् एक मांगून. मोगरा दुपारच्या आतच मान टाके. काचेच्या मिस्तरीले म्हणलं, काहून रे बाबा असं? थो म्हणे, काकू, या काचेले बारीक थर असते, उजेड आत घेते आन् गर्मी बाहीर फेकते. मी म्हणलं, बाहीर म्हंजे माह्या डोक्यावर!

एक दिवस फोटोले हार घालायचा म्हणून क्लासच्या म्याडमनं वर बलावलं. आत काय थंडगार वाटे, काय सांगू! त्याच काचेतून खाली पाह्यलं तं माही सून आमच्या जागेवर, पोटुशी, डोक्यावर ओला फडका घेऊन बसलेली. आन् भर दुपारी बाहीर सांज झाल्यावानी दिसे. ऊन म्हणून दिसेच ना कुठं. या लोकायले आमी असे दिसतो काय?

खाली आली, सुनेले म्हणलं, ऊठ. टोपली रस्त्याच्या पल्याड नेली, दुकानाच्या सावलीत. सासूची मनातल्या मनात माफी मांगितली आन् लय रडली, खोटं कायले बोलू. जुने गिऱ्हाईक अजून बी तिकडंच जाऊन उभे राह्यतात, मंग मी इकडून हाका मारून बलावते.

आता नात झाली. म्याडम परवा हार घ्यायले आली, पोरीले खेळवलं, चांगली आहे हो बाई. मंग म्हणे, मावशी, ती जागा का सोडली? किती छान सावली असायची तिथं.

मी म्हणलं, असंच सोडली. आन् तिच्या केसात गजरा माळून देल्ला.