अण्णांनी बार गोल का केला

जय भीम. उपासक-उपासिकांनो, नातेवाईक मंडळींनो, भर उन्हाचं इथं लोह्याला अण्णांच्या पुण्यानुमोदनाला आलात. मला माईकवर बोलायची सवय नाही. तरी बोलते. ननंदबाई, खुणावू नका, बोलूनच बसते.

अण्णा माझे सासरे. जन्मभर एसटी चालवली. आत्ता आपण पंचशील घेतलं. पाचवं शील आलं, मद्याचं, अन् सगळ्यांचा आवाज बारीक झाला. का झाला, ते मला कळलं. ह्या माणसानं घरात बार बांधला, हेच ना तुमच्या मनात?

हो, बांधला. स्वतः थेंबाला शिवले नाहीत. पण माझे मालक, अण्णांचा मुलगा, नांदेडला कामाला. सुटल्यावर रस्त्यावरच्या बारमध्ये बसायचे, अन् तशीच मोटारसायकल हाणत घरी यायचे. त्या रस्त्यावर अण्णांनी काय काय पाहिलं होतं! मला म्हणाले, "सूनबाई, मला लई भ्या वाटतंय. प्यायचंच असंल तर माझ्यासमोर पिऊ दे. जिता तर ऱ्हाईल."

मग बैठकीच्या फरशीवर खिळा अन् दोरी धरून त्यांनी खडूनं बार आखला. अर्ध्या भाकरीसारखा गोल. मुदखेडचे मिस्त्री वैतागले. प्लायवूडला मागून चिरा पाडल्या, ओलं केलं, वाकवलं, तर पहिला तुकडा कडकन मोडला. "अण्णा, सरळच करू की. दारू काय गोल प्यायची हाय का?"

अण्णा म्हणाले, "सरळ केला तर पोरगं टोकाला जाऊन भिताडाकडं तोंड करून बसंल. गोल कर. कुठं बी बसलं तरी मला त्याचं तोंड दिसाया पाहिजे."

मिस्त्री, तुम्ही मागं बसलात. खोटं असेल तर सांगा.

आतल्या बाजूला अण्णा चहाचा कप घेऊन बसायचे. समोर हे. काही मंडळी आमच्या घरी यायची बंद झाली. बारवाले अण्णा म्हणायचे लोक. अण्णा हसायचे. पण दिवस मावळायच्या आत हे घरी यायला लागले. पिणंही कमी झालं होतं. खरंच झालं होतं हो!

अन् अण्णांच्या छातीत कळ आली. गेले.

परवा सांजच्याला हे त्या बारपाशी गेले. आतली खुर्ची रिकामी. थोडं उभे राहिले, वळले, किल्ली घेतली अन् नांदेडच्या रस्त्याला लागले. परत आले, म्हणून आज इथं बसलेत. उद्याचं कोण सांगणार? मंडळी, मला भीती वाटते. लई भीती वाटते. अण्णा होते तेव्हा आम्ही दोघं भ्यायचो. आता मी एकटीच आहे.

आता अण्णांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. घरात शांत झालं की माझे कान गाडीच्या आवाजाकडं लागतात. अहो, उठा. इथं या, माझ्याजवळ उभे राहा. एवढी दोन मिनिटं तरी मला वाट बघायची नाही.