कातडं अजून चांगलं आहे

— नाही हो ताई, डाग नाही तो, ओला रंग आहे, हात लावू नका! वाळला की एकजीव होईल. काल पुढची सीट घासून भेगा बुजवल्या, आज स्पंजनं पातळ पातळ रंग देतोय, घाई केली की पोपडे निघतात. आणि तेल चोळायला कोणी सांगितलं तुम्हाला? तेल नाही, क्रीम लावायचं, उन्हात गाडी ठेवायची नाही. मागची सीट? तिला काही नको. रंग उडालाय जरा, पण कातडं अजून चांगलं आहे — हे, हेच वाक्य! यानंच माझं घर मोडलं.

काय झालं म्हणजे? काही नाही, सोडा. — तर झालं असं, आमच्या हिच्या शाळेतल्या मैत्रिणी जमणार होत्या. ही नटली, केस वेगळेच बांधले, आणि दारात येऊन म्हणाली, अहो, कशी दिसते? आता बाकीचे नवरे काय करतात? मान वर न करता 'छान' म्हणतात आणि सुटतात. पण मी पडलो कारागीर! मी चष्मा लावला, ताई. तिला उजेडाकडे वळवलं, हनुवटीला बोट लावून नीट बघितलं आणि म्हणालो — रंग उडालाय जरा, पण कातडं अजून चांगलं आहे. काढेल आणखी दहा वर्षं.

हसा, हसा. ती माझी बायको नसती तर मीही हसलो असतो. आणि तेवढ्यावर थांबलो का? छे! तिचा चेहरा पडलेला बघून मला वाटलं, गिऱ्हाईकाला येते तशी शंका आलीय, म्हणून वर खात्री दिली — फक्त उन्हात जाऊ नकोस. ती मैत्रिणींकडे गेली ती तिकडूनच बहिणीकडे.

मला काय, मजेत आहे मी. दूध रोज उतू जातं, तेवढंच. टीव्ही मोठ्यानं लावतो, कोणी बंद करा म्हणत नाही, मग मीच बंद करतो. फोन? कसा करू? तोंडातून काय बाहेर पडेल याचा मलाच भरवसा नाही. काल आरशासमोर सराव केला, या वयात! 'तुझ्याशिवाय घर' इथपर्यंत जमलं, आणि पुढं आलं 'मळलंय'. खरं सांगू, ती परत आली नाही तर माझं काही खरं नाही — जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतोय मी हे.

फोन वाजतोय का? माझे हात रंगात आहेत, तेवढा कानाला लावता? — हॅलो? … अगं, तू! … हो, जेवलो. … नाही, नाही जेवलो. … दुकानात. गिऱ्हाईक आहेत, एक ताई, त्यांनीच फोन धरलाय. … अगं, ऐक ना. तू — म्हणजे मला म्हणायचंय, तुझं — … करमत नाही गं मला. … हो. … आज? … नको, बसनं नको, मी येतो न्यायला.

काय ताई, अशा काय बघताय? ठेवा तो फोन. गाडी उद्या न्या. आणि निघा आता, मला दाढी करायचीय.