मोरचुदातलं पाणी

सकाळचं ऊन दवाखान्याच्या जाळीतून हलकेच उतरलं, फरशीवर रेंगाळलं आणि बाबांच्या चपलांपाशी येऊन परवानगी मागितल्यासारखं थांबलं. नंबर लावून परतलेला मुलगाही त्यांच्या पाठीमागे थबकला. ताईच्या हट्टापायी तो त्यांना इथे घेऊन आला होता. एरवी, त्याच्या मते, त्यांना काहीच झालं नव्हतं. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेले बाबा शेजारी बसलेल्या शाळकरी मुलीशी रंगात येऊन बोलत होते.

“आजोबा, मोरचुदाचं मोलर वस्तुमान काढायचंय.”

“आधी नाव! नावाशिवाय आकडा म्हणजे पत्त्याशिवाय टपाल.”

“कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट.”

“शाब्बास! तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस, ऑक्सिजन चौसष्ट. झाले एकशे साडेएकोणसाठ. लिही.”

“आणि पाण्याचे पाच रेणू?”

“कसलं पाणी? खडे कोरडे ठणठणीत असतात.”

“पण पाण्यामुळेच तर ते निळे दिसतात ना?”

“कुणी सांगितलं तुला हे खूळ?”

“पुस्तकात आहे, आजोबा.”

“पुस्तकं काय, काहीही छापतात!”

“बरं, राहू द्या. मी मिळवते नव्वद.”

हेच पाणी विसरला म्हणून बाबांनी एकदा त्याला, पोटच्या मुलाला, भर वर्गातून बाहेर काढलं होतं.

ऊन चपलांवर चढलं. बाबा विसरू लागले होते.